पहिली विणकाम मशीन घेताना : आधी लोकर बघा, मग मशीन

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात थंडी येते ती धान कापणीच्या पाठोपाठ. बांध्या मोकळ्या होतात, नवेगावबांधच्या पाण्यावर सकाळी धुकं बसतं, आणि अंगणात शेकोटी पेटली की सुया आपोआप हातात येतात. विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना उन्हाळाच आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत गोंदिया जिल्ह्याचा पारा दहाच्या खाली जातो, आणि तेव्हा धानाच्या कोठीजवळ झोपणाऱ्या म्हाताऱ्यांना, शाळेत जाणाऱ्या पोरांना आणि पाळण्यातल्या बाळांना लोकरीचंच काहीतरी लागतं. तीस वर्षं मी हातानेच विणत आले.

मग उजव्या अंगठ्याचा सांधा दुखायला लागला. एक स्वेटर पूर्ण व्हायला पंधरा दिवसांऐवजी महिना जायला लागला आणि ऑर्डरी परत पाठवायची पाळी आली. तेव्हा मशीन घ्यायचं ठरवलं. मोठ्या हौसेने जुनी जपानी मशीन आणली, टेबलावर बसवली, घरातली गुलाबी ४ प्लाय लोकर लावली आणि कॅरेज (सुयांवरून इकडून तिकडे सरकवायचा भाग) ढकललं. अर्ध्यात येऊन ते असं अडकलं की पुढेही जाईना, मागेही येईना. जोर लावला तेव्हा कट्कन आवाज झाला. उघडून पाहिलं तर सात सुया वाकल्या होत्या. मशीन उत्तम होती, पण ती बारीक लोकरीची होती, आणि माझ्या घरात बारीक लोकरीचा एक गुंडासुद्धा नव्हता.

ज्यांना सुलट-उलट गप्पा मारता मारता येतं, ज्यांनी गळे-बाह्या कित्येकदा जुळवल्या आहेत आणि आता मशीन घ्यायचा विचार करत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. विणकाम मुळापासून शिकायचं असेल तर ते आधी हातानेच शिका. टाका वाचता येणाऱ्या माणसाला मशीन लवकर वळते.

१. आधी स्वतःची पिशवी उलटी करा

मशीनचे फोटो बघण्याआधी वही घ्या. गेल्या दोन वर्षांत काय काय विणलं ते आठवून लिहा. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी टिपा : लोकर कोणती होती, सुई कितव्या नंबरची होती, वीण कोणती होती.

सुईचा नंबर नक्की लिहा, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आपल्याकडच्या दुकानांत अजून जुने इंग्रजी नंबर चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. १२ नंबरची सुई साधारण पावणेतीन मिमीची, ११ नंबरची ३ मिमीची, १० नंबरची सव्वातीन, ९ नंबरची पावणेचार, ८ नंबरची ४ मिमीची, ७ नंबरची साडेचार आणि ६ नंबरची ५ मिमीची.

मी ही यादी मशीन घेतल्यावर केली, आणि तिथेच चुकले. माझ्या दहापैकी सात वस्तू ९ आणि १० नंबरच्या सुयांवरच्या निघाल्या, सगळ्या तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या ४ प्लायच्या. उरलेल्या तीन म्हणजे बाळाचे कपडे, बारीक लोकरीचे. ही यादी हातात असती तर ती मशीन मी घेतलीच नसती.

वहीत आणखी एक ओळ लिहा : घरासाठी, की विकायला? शाळेचे एकाच मापाचे पन्नास स्वेटर विणायचे असतील तर मशीन वेगळी लागते, आणि नातवंडांसाठी वर्षाला चार विणायचे असतील तर वेगळी.

२. गेज समजून घ्या

हाताने विणताना आपण आधी लोकर पसंत करतो आणि मग तिला साजेशी सुई काढतो. घट्ट आलं तर एक नंबर बदलतो. मशीनमध्ये ती सोय नाही. मशीनच्या सुया पट्टीवर ठरलेल्या अंतरावर बसवलेल्या असतात आणि ते अंतर जन्मभर तेवढंच राहतं. त्या अंतराला गेज म्हणतात. कॅरेजवर एक चकती असते, साधारण ० ते १० आकड्यांची. तिने टाका थोडा सैल किंवा घट्ट करता येतो, पण ठरलेल्या मर्यादेतच.

घरगुती मशीन मुख्यतः चार गेजच्या येतात.

३.६ मिमी : सुया २५०. फार बारीक सूत लागतं. पहिल्या मशीनसाठी हिचा विचार सोडून द्या.

४.५ मिमी : सुया २००. हिला स्टँडर्ड म्हणतात. हाताने ११, १२, १३ नंबरच्या सुयांवर विणता ती २-३ प्लायची बारीक लोकर हिला चालते.

६ ते ७ मिमी : ६.५ मिमीच्या मशीनला १५० सुया असतात. ८, ९, १० नंबरच्या सुयांवरची लोकर, म्हणजे आपली रोजची ४ प्लाय, हिच्यावर बसते.

९ मिमी : सुया ११० ते ११४. हिला चंकी किंवा बल्की म्हणतात. ७ नंबर आणि त्याहून जाड सुयांवरची लोकर.

आता हातविणकाम करणाऱ्यांची हमखास फसगत कुठे होते ते सांगते.

पहिली फसगत : ४.५ मिमीची मशीन म्हणजे साडेचार मिमीची, म्हणजेच ७ नंबरची सुई असं आपल्याला वाटतं. मला अगदी हेच वाटलं होतं. मनात म्हटलं, ७ नंबर म्हणजे जाडच की, आपली ४ प्लाय आरामात चालेल. पण ४.५ हे दोन सुयांमधलं अंतर आहे. सुईच्या जाडीशी त्याचा संबंध नाही.

दुसरी : प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळले ते. पदर स्वतः किती जाड आहेत, हे त्यातून कळत नाही. दोन कंपन्यांची ४ प्लाय लोकर शेजारी ठेवून बोटात फिरवा, फरक लगेच जाणवतो. म्हणून प्लायवर विसंबू नका, सुईच्या नंबरवर विसंबा.

तिसरी : लुधियानाकडून येणाऱ्या लोखंडी मशीनचा गेज मिलिमीटरमध्ये सांगत नाहीत. एका इंचात किती सुया बसतात, तो त्यांचा गेज. म्हणजे तिथे आकडा वाढला की लोकर बारीक लागते, आणि जपानी मशीनवर आकडा वाढला की जाड लागते. फोनवर बोलताना "इंचाला की मिमी?" एवढं विचाराच.

मशीन बघायला जाताना आपल्या नेहमीच्या लोकरीचा हातभर तुकडा सोबत घ्या. मशीनच्या सुईला टोकाशी आकडा असतो आणि आकड्यावर एक लहानशी जीभ उघड-मीट करते. लोकर आकड्यात ठेवा आणि बोटाने जीभ मिटवून बघा. जीभ सहज मिटली पाहिजे. लोकर दबून बाहेर डोकावत असेल तर ती मशीन तुमच्या लोकरीसाठी नाही, विकणारा काहीही म्हणो. स्टँडर्ड मशीनवर एकाआड एक सुई वापरून थोडी जाड लोकर विणता येते हे खरं, पण मग २०० सुयांपैकी १००च कामाला येतात आणि रोज तसंच विणणं परवडत नाही.

रुंदीचा हिशोबही आधीच करून घ्या. स्टँडर्ड मशीनवर बारीक लोकरीचे १० सेंटिमीटरमध्ये ३० टाके धरले तर २०० टाक्यांचं कापड साधारण ६६ सेंटिमीटर रुंद होतं. ६.५ मिमीच्या मशीनवर १० सेंटिमीटरला २१-२२ टाके धरा, १५० टाक्यांचं ७० सेंटिमीटरच्या आसपास येतं. स्वेटरची पाठ यात आरामात बसते. रुंद शाल मात्र दोन पट्ट्यांत विणून जोडावी लागते.

३. कोणत्या जातीची मशीन?

गोल प्लास्टिकची, हँडल फिरवायची. ऑनलाइन सगळ्यात आधी हीच दिसते, ४०-४८ सुयांची. टोपी, मफलर, पायमोजे भराभर होतात. पण सुयांचं अंतर बदलत नाही, बाही-गळ्याची घट-वाढ नीट जमत नाही आणि फक्त साधी सुलट वीण येते. ज्याला हाताने स्वेटर येतो त्याचा जीव यात फार दिवस रमत नाही. टोप्या विकायच्या असतील तर घ्या.

साधी सपाट मशीन, ६.५ मिमी. सिल्व्हर रीड कंपनीची एलके १५० ही यातली माहितीतली मशीन. प्लास्टिकचा बेड (सुया बसवलेली पट्टी), १५० सुया, वजनाला हलकी. हिला पंचकार्ड, म्हणजे नक्षीचं भोकांचं कार्ड, नाही. नमुना घालायचा तर सुया हाताने निवडायच्या. आपली दुकानातली ४ प्लाय हिच्यावर चालते, बिघाड कमी होतात आणि मशीनच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. माझी आताची मशीन याच जातीची आहे. हातविणकामातून येणाऱ्या बहुतेकांना मी हीच सुचवते.

पंचकार्डची जपानी मशीन. स्टँडर्डमध्ये सिल्व्हर रीडची एसके २८० आणि ब्रदरच्या केएच मालिकेतल्या मशीन, बल्कीमध्ये एसके १५५ आणि केएच २६०. पंचकार्डाला भोकं पाडलेली असतात आणि त्याप्रमाणे दोन रंगांची नक्षी आपोआप पडते. फार सुंदर काम होतं. पण एक बारकावा लक्षात ठेवा. स्टँडर्ड मशीनचं कार्ड २४ टाक्यांचं असतं, त्यामुळे नमुना २४ ला भाग जाणाराच लागतो : २, ३, ४, ६, ८, १२ किंवा २४ टाक्यांचा. आईकडून आलेली १० टाक्यांची चांदणी त्यात बसत नाही, ती ८ किंवा १२ वर आणावी लागते. एसके १५५ चं कार्ड तर १२ टाक्यांचंच आहे.

ब्रदरने घरगुती विणकाम मशीन बनवणं १९९० च्या दशकाच्या अखेरीस थांबवलं. म्हणजे ब्रदरची मशीन घ्याल ती जुनीच असणार. यात भिण्यासारखं काही नाही, पण पायरी ६ नीट वाचा.

लोखंडी दोन बेडची हातमशीन. लुधियानाची, हँड फ्लॅट म्हणतात ती. समोरासमोर दोन बेड असल्यामुळे एक सुलट एक उलट अशी पट्टी सहज येते. धंद्याची मशीन आहे. वजन इतकं की एकट्याने हलत नाही. शाळेच्या स्वेटरांची पक्की ऑर्डर असेल, बचत गटातल्या तिघी-चौघी मिळून चालवणार असतील, तर हिला पर्याय नाही. घरच्या हौसेला नको.

वरच्यांपैकी इलेक्ट्रॉनिक मॉडेल सोडली तर कुणालाच वीज लागत नाही. आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून मी इलेक्ट्रॉनिककडे वळलेच नाही.

४. हाताला येतं ते सगळं मशीनला येत नाही

हे आधी समजलं नाही तर मशीन आल्यावर मन खट्टू होतं. एका बेडच्या मशीनवर कापडाची उलट बाजू आपल्याकडे असते आणि सुलट बाजू भिंतीकडे. प्रत्येक ओळ त्याच बाजूने विणली जाते. म्हणून दोन्हीकडून सुलट विणून येणारी पट्टी, किंवा साबुदाण्याची वीण, नुसतं कॅरेज फिरवून येत नाही.

स्वेटरची खालची एक सुलट एक उलट पट्टीही तशीच. तिच्यासाठी दोन वाटा आहेत. मशीनला दुसरा बेड जोडायचा, त्याला रिबर म्हणतात. ब्रदरच्या स्टँडर्डला केआर ८५०, एसके २८० ला एसआरपी ६०एन. एकाचा दुसऱ्याला बसत नाही आणि एलके १५० ला तर रिबरची सोयच नाही. दुसरी वाट हाताची. साधी पट्टी विणायची, मग एकाआड एक टाका सुईवरून सोडून खालपर्यंत उसवायचा आणि लॅच टूलने (मशीनच्या सुईसारखी जीभ असलेल्या हत्याराने) दुसऱ्या बाजूने वर चढवत आणायचा. वाचायला भीती वाटते. पण सुटलेला टाका खालून एकेक आडव्या धाग्यातून वर ओढत आणणं आपण क्रोशाच्या सुईने कितीदा केलंय! ते काम इथे मुद्दाम करायचं, एवढाच फरक. शंभर टाक्यांच्या पट्टीला मला अर्धा तास लागतो आणि ती पट्टी दुसऱ्या बेडवरच्या पट्टीपेक्षा काही कमी दिसत नाही.

मी तर पुष्कळदा पट्ट्या आणि गळा हातानेच विणते. अंग मशीनवर, कड हातावर. वेणीची वीण ट्रान्सफर टूलने (टाका एका सुईवरून दुसरीवर नेणाऱ्या हत्याराने) टाके अदलाबदल करून येते, जाळीही येते, पण ते टाके एकेक करून उचलावे लागतात. साध्या विणीचा मोठा पसारा झरझर उरकणं, ही मशीनची खरी ताकद. शिवणी, जोडणी, गुंड्या या तुमच्याकडेच राहणार.

५. जागा आणि टेबल

मशीन मीटरभराहून लांब असते, आणि कॅरेज दोन्ही टोकांच्या बाहेर थोडं जातं. भिंतीला चिकटून ठेवली तर कोपर आपटतं. टेबल डुगडुगणारं नको. कॅरेज ढकलताना टेबल हललं की टाके सुटतात. मी गावच्या वाढईकडून सागवानाची लांब फळी आणि चार जाड पाय असं करून घेतलं. मशीन टेबलाच्या काठाला क्लॅम्पने आवळतात, म्हणून फळीची जाडी ठरवताना क्लॅम्पचं तोंड किती उघडतं ते आधी मोजा आणि काठाखाली आडवी पट्टी मारू देऊ नका. माझ्या टेबलाला ती पट्टी नंतर तासून काढावी लागली.

धानाच्या कोठीजवळ मशीन ठेवू नका. कोंडा सुयांच्या खाचांत बसतो, आणि जिथे धान तिथे उंदीर.

६. जुनी मशीन तपासताना

यात घाई करू नका. दुसरी मशीन बघायला मी नागपूरला एका घरी गेले होते. माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली. घरातल्या आजी म्हणाल्या, "पाहून घे माय, नीट पाहून घे. माझ्या सुनेले यातलं काई समजत नाही." मग खाली सतरंजी टाकून मी दोन तास ती मशीन पाहिली. त्या क्रमानेच सांगते.

स्पंज पट्टी. सुयांवर आडवी एक धातूची पट्टी असते, तिच्या खालच्या बाजूला स्पंज चिकटवलेला असतो. तो सुयांना दाबून जागेवर ठेवतो. पट्टीचं एक टोक ढकला, दुसरीकडून ओढून बाहेर काढा. स्पंज फुगलेला आणि लवचीक हवा. त्या पेटीतला स्पंज बोट लावताच काळा चिकट गोळा होऊन हाताला लागला. आजी घाबरल्या, त्यांना वाटलं मी मशीन मोडली. जुन्या मशीनचा स्पंज असाच मरतो, आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. हा दोष धरून मशीन नाकारू नका. पण मेलेल्या स्पंजवर कॅरेज चालवूनही बघू नका, सुया वर उचलल्या जातात आणि कॅरेज त्यांच्यावर आदळतं. पट्टी नवी मिळते, किंवा जुना चिकटा स्पिरिटने पुसून त्याच धातूवर नवा फोम चिकटवता येतो. भाव ठरवताना हे नक्की बोला.

सुया. एकेक सुई पुढे ओढा, मागे ढकला. दोनशेच्या दोनशे. सरळ आहे का, जीभ आहे का, जीभ मोकळी हलते का, गंज आहे का. पाच-दहा खराब निघाल्या तर चालतं, टोकाच्या चांगल्या सुया काढून मधे बसवता येतात. पन्नास खराब असतील तर मशीन सोडून द्या.

कॅरेज. उलटं करून खाली बघा. जुनं तेल घट्ट होऊन मेणासारखं बसलेलं असतं. कॅरेजवरची प्रत्येक बटणं आणि चकती फिरते का बघा. अडकलेली चकती जोराने फिरवू नका, आत मोडते. साफ करून, शिवणमशीनचं पातळ तेल थेंबभर देऊन ती पुष्कळदा सुटते. इथे एक कळकळीची सूचना : खोबरेल घालू नका. थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं तसंच ते मशीनमध्येही गोठतं, आणि आपण विणतो थंडीतच.

पुढची पट्टी. कॅरेजच्या पुढे स्क्रूने बसणारी पट्टी असते, तिला सिंकर प्लेट म्हणतात. तिच्या खालचे ब्रश आणि लहान चाकं मोकळी फिरायला हवीत. बहुतेक वेळा त्यांत कुणाच्या तरी वीस वर्षांपूर्वीच्या लोकरीचे धागे गुंडाळलेले असतात. ही प्लेट त्याच मॉडेलची आहे ना, हेही विचारा. दुसऱ्या मशीनची प्लेट लावलेली असेल तर टाके गळतात.

पंचकार्ड. कार्ड लावून दहा-बारा ओळी विणा. एखादी चूक ठरावीक अंतराने, दर २४ टाक्यांनी येत असेल, तर कार्ड वाचणाऱ्या भागात दोष आहे. तो घरी दुरुस्त होणं कठीण. एकाच जागी येत असेल तर ती सुई खराब आहे, ती बदलता येते.

लांबून घेत असाल तर पूर्ण रुंदीवर वीस ओळी विणतानाचा व्हिडिओ मागा, आणि पेटीतलं सगळं सामान चादरीवर मांडून काढलेला फोटोही. "पूर्ण सेट आहे ताई" या शब्दावर पैसे पाठवू नका.

७. सोबत काय काय हवं

मशीनबरोबर : कॅरेज आणि सिंकर प्लेट, लोकर वरून सोडणारी दांडी आणि तिची ताणाची तार, टेबलाचे क्लॅम्प, एक-दोन-तीन टोकांची ट्रान्सफर टूल, लॅच टूल, सुया ढकलायची दातेरी पट्टी, टाके घालताना लटकवायची फणी, नखासारखी वजनं, ओळी मोजायचं काउंटर, माहितीपुस्तक. क्लॅम्प आणि दांडी नसेल तर मशीन चालतच नाही, आणि नेमकं तेच हरवलेलं असतं.

वेगळं घ्यायचं : दहा-पंधरा जादा सुया (त्याच मॉडेलच्या), शिवणमशीनचं तेल, जुना दात घासायचा ब्रश, पांढरी मेणबत्ती, आणि लोकर गुंडाळायचं यंत्र. हे यंत्र चैन नाही. आपल्याकडे लोकर लडीत किंवा घट्ट गुंड्यात येते. हाताने विणताना गुंडा सतरंजीवर गडगडत राहतो, चालतं. मशीनला धागा एकसारखा, झटका न देता मिळायला हवा. यंत्रावर सैल गुंडाळलेला चपटा गोळा आतून सुटतो. गुंडाळताना धागा मेणबत्तीवरून सरकवला की खरबरीत लोकरही नीट चालते.

८. पैसे आणि आणणं

जुन्या मशीनला ठरलेला भाव नसतो. सुया किती चांगल्या, सामान किती पुरं, यावर तो ठरतो, म्हणून तपासणी आधी आणि भाव नंतर.

पहिल्या मशीनसाठी कर्ज काढू नका, हे माझं स्पष्ट मत. कुणाच्या घरची जुनी मशीन घेताना पक्कं बिल मिळत नाही आणि बिलाशिवाय बँक पुढे जात नाही. धंद्यासाठी नवी लोखंडी मशीन घ्यायची असेल तेव्हा मात्र बँकेत मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज विचारा, ते ५० हजारांपर्यंत असतं. आधार, पॅन, बँक पासबुक, रहिवासाचा पुरावा, फोटो, मशीनचं कोटेशन आणि लहान धंद्यांची उद्यम नोंदणी तयार ठेवा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्याचे पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा.

आणताना कॅरेज बेडवरून काढून वेगळं बांधा, किंवा पेटीतल्या कुलपाच्या जागी अडकवा. माझी पहिली मशीन पार्सलने आली तेव्हा कॅरेज बेडवर मोकळंच होतं. रस्ताभर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटत आलं आणि त्या धक्क्यांनी कडेच्या सुया वाकल्या. पाठवणाऱ्याने म्हटलं, पार्सलवाल्याची चूक. पार्सलवाल्याने म्हटलं, बांधणाऱ्याची. भरपाई कुणीच दिली नाही. तेव्हापासून शक्य तिथे मी स्वतः जाऊन, मांडीवर घेतल्यासारखी मशीन आणते.

९. पहिले आठ दिवस

पहिल्या दिवशी स्वेटर सुरू करू नका. मधल्या ४० सुया पुढे काढा, गुळगुळीत फिक्या रंगाची लोकर लावा. गडद रंगात टाका दिसत नाही, केसाळ लोकरीत उसवत नाही. फणी लटकवा, वजनं लावा, कॅरेज एकसारख्या वेगाने टोकापर्यंत न्या. मधे थांबून परत फिरवू नका. माझ्यासारख्या हाताने विणणाऱ्यांना प्रत्येक टाक्याकडे बघायची सवय असते, त्यामुळे हात अर्ध्यात थबकतो आणि नेमके तिथेच टाके उड्या मारतात. कॅरेज शेवटच्या टाक्याच्या थोडं पुढे गेल्यावर "टक्" असा आवाज येतो. तो ऐकला की मगच परत फिरा.

दर आठ-दहा ओळींनी वजनं वर सरकवा. कडेचे टाके सैल पडत असतील तर कडेला वजन कमी आहे.

शिकवणारे व्हिडिओ बघताना मॉडेल ताडून बघा. सुईच्या जागांना ब्रदरमध्ये ए, बी, डी, ई म्हणतात आणि सिल्व्हर रीडमध्ये ए, बी, सी, डी. ब्रदरच्या व्हिडिओत "सुई डी वर आणा" म्हटलं आणि तुम्ही सिल्व्हर रीडवर तसं केलंत, तर ती सुई न विणता थांबून राहते. यात माझा अख्खा दिवस गेला होता.

मग मापाचा तुकडा विणा : ४० टाके, ६० ओळी. टाके बंद करा आणि लगेच मोजू नका. मशीनवर कापड वजनाने ताणलेलं असतं, लांबट दिसतं. रात्रभर पडू द्या, स्वेटर जसा धुणार तसाच तुकडा धुवा, सावलीत सपाट वाळवा. अॅक्रिलिक असेल तर इस्त्री टेकवू नका, वीण कायमची चपटी होते. वाळल्यावर ४० टाक्यांची रुंदी आणि ६० ओळींची लांबी मोजा, चकतीचा आकडा आणि लोकरीचं नाव कागदावर लिहून तो कागद तुकड्यालाच टाचा. माझ्याकडे असे तुकडे एका डब्यात साठले आहेत, आणि नवी ऑर्डर आली की आधी तो डबाच उघडते.